१४ हजारांचा टॅब की ४३ हजारांचा? खाऱ्या हवेतला हिशेब

तारकर्लीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचा होमस्टे समुद्रापासून दोनशे पावलांवर. मुलगी यंदा अकरावी सायन्सला गेली, तिला अभ्यासासाठी टॅब हवाय. बुकिंग आणि हिशेबासाठी काऊंटरवर एक जुना टॅब आहे, पण त्याचं मागचं झाकण आता नीट बसत नाही, मधून उचललं गेलंय. मुलगी म्हणते, एकदाच चांगला आयपॅड घ्या, सात वर्षं बघायला नको. यजमान म्हणतात, "दोन सवस्तातले घेवया, एक मोडलो तर दुसरो आसा." ताईंना विचारायचंय की दोघांत बरोबर कोण.

मी कुडाळात १९ वर्षं मोबाईल आणि टॅब उघडून बसतो. विकत नाही, फक्त दुरुस्त करतो, त्यामुळे कुठला घेतला तरी माझा फायदा-तोटा नाही. खरं तर लवकर बिघडणारा घेतलात तर माझा फायदाच. तर ताई, दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. चूक आहे ती एकाच टॅबवर दोन्ही कामं काढायच्या विचारात. मुलीला वरच्या दर्जाचा घ्या, काऊंटरला स्वस्त ठेवा, आणि मुलीचा टॅब काऊंटरवर कधीही येऊ देऊ नका. असं का म्हणतो ते जरा सविस्तर सांगतो, कारण दुकानात कोणी हे सांगणार नाही. दुकान असतं पुण्या-मुंबईच्या हवेत, किंवा निदान एसीत.

आपल्याकडे टॅब मरतो तो प्रोसेसर जुना झाला म्हणून नाही. माझ्याकडे येणाऱ्यांत पहिला नंबर चार्जिंग जॅकचा. जॅकमध्ये बारीक पितळी-तांब्याच्या पट्ट्या असतात, वर सोन्याचा मुलामा, तोही नावापुरता. किनाऱ्यावरच्या वाऱ्यात मीठ असतं. ते मीठ त्या पट्ट्यांवर बसतं, पावसाळ्यात हवेतला ओलावा ओढून घेतं आणि पट्टीवर खाऱ्या पाण्याचा पातळ थर तयार होतो. त्यात तुम्ही चार्जर लावता. वीज आणि खारं पाणी एकत्र आलं की धातू झिजायला लागतो, कोरड्या गंजाच्या कितीतरी पट वेगाने. भिंगाखाली बघितलं तर हिरवट बुरशीसारखं दिसतं. गिऱ्हाईक म्हणतं, केबल जरा वाकडी धरली की चार्ज होतो. ते वाकडं धरणं म्हणजे अर्धं काम संपल्याची खूण.

या मिठाला टॅबची किंमत कळत नाही. आयपॅडच्या एकाही मॉडेलला पाण्या-धुळीचं आयपी रेटिंग नाही, लाखाच्या वरच्यालाही नाही. सॅमसंगच्या टॅबची एस९ मालिका २०२३ ला आली, तिला आयपी६८ मिळालं, तिच्यातल्या स्वस्त एफई मॉडेललासुद्धा. पुढे २०२५ मध्ये आलेल्या एस१० एफईलाही आहे. किनाऱ्यावर राहणाऱ्याने ही एक गोष्ट जमेला धरावी असं माझं मत आहे. पण आयपी६८ म्हणजे समुद्रात बुडवायचा परवाना नव्हे. ती चाचणी गोड्या पाण्यातली, नवीन यंत्राची. आतला रबर आणि गोंद वर्षागणिक सुकत जातो, आणि एकदा माझ्यासारख्याने झाकण उघडलं की ते सील पहिल्यासारखं राहत नाही.

खाऱ्या पाण्यात पडलाच तर तांदळाच्या डब्यात घालू नका, हात जोडून सांगतो. तांदूळ ओलावा थोडाफार ओढत असेल, मीठ ओढत नाही. वर तांदळाची भुकटी जॅकमध्ये जाऊन बसते आणि मग मला ब्रशने लापशी काढावी लागते. बंद करायचा, चार्जरला अजिबात लावायचा नाही, आणि त्याच दिवशी आणायचा. "दोन दिवस सुकवन बघलंय, मगे हाडलंय" असं ऐकलं की मी आधीच हळहळतो. त्या दोन दिवसांत बोर्ड खाल्लेला असतो.

दुसरा नंबर काचेचा, आणि इथे स्वस्त-महाग हा हिशेब उलटासुलटा होतो. महागड्या टॅबमध्ये वरची काच आणि खालचा डिस्प्ले एकमेकांना चिकटवलेले असतात, त्यालाच लॅमिनेटेड म्हणतात. दिसतं सुरेख, पेनने लिहिताना टोक आणि रेघ यांत फट दिसत नाही. पण काच तडकली की पूर्ण फोल्डर, म्हणजे काच आणि डिस्प्लेचा जोड, बदलायचा, आणि त्याची किंमत ऐकून गिऱ्हाईक खुर्चीत बसतं. साध्या आयपॅडमध्ये, म्हणजे एअर किंवा प्रो नव्हे तर सगळ्यात खालच्यात, काच वेगळी आणि डिस्प्ले वेगळा असतो. कंपनी ही काटकसर म्हणून करते, पण माझ्या बाकावर ते वरदान ठरतं. फक्त काच फुटली असेल तर डिस्प्ले वाचतो आणि खर्च निम्म्याहून खाली येतो. लिहिताना किंचित पोकळ वाटतं, चित्रकाराला खटकेल, अकरावीतल्या मुलीला आठवडाभरात कळायचंही बंद होईल. म्हणून "लॅमिनेटेड नाही" असं वाचून नाक मुरडू नका.

नाव न ऐकलेल्या कंपनीच्या टॅबची गंमत निराळी. फोल्डर स्वस्त असतो, पण मिळतो कुठे? मी सुटे भाग मुंबईहून मागवतो, लॅमिंग्टन रोड नाहीतर मनीष मार्केट, रात्रीच्या बसने पार्सल सकाळी कुडाळात. ओळखीच्या मोठ्या कंपन्यांचा माल चार-पाच वर्षं जुन्या मॉडेलचासुद्धा मिळतो. दोन दिवसांत ऑनलाईन सेलमध्ये संपलेल्या टॅबचा भाग वर्षभरात कोणीच ठेवत नाही. माझ्या कपाटात असे अकरा टॅब पडलेत. मालकांनी परत नेले नाहीत, मीही टाकले नाहीत. कधीतरी एकाचा भाग दुसऱ्याला लागेल या आशेवर. लागत नाही.

आता सात वर्षांचं. मुलीचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. २०१९ मध्ये आलेल्या सातव्या पिढीच्या साध्या आयपॅडला सॉफ्टवेअरच्या १३ पासून १८ पर्यंत सगळ्या मोठ्या आवृत्त्या मिळाल्या, २०२५ च्या नव्या आवृत्तीतून तो वगळला गेला. म्हणजे सहा वर्षं. २०२० च्या आठव्याला ती आवृत्तीही मिळाली. सॅमसंगने २०२४ च्या एस१० पासून सात पिढ्यांच्या अपडेटचं वचन दिलंय. स्वस्त अँड्रॉइड टॅबला आजवर बहुतेक एखाद-दोन मोठ्या आवृत्त्या मिळत आल्यात, आणि सुरक्षेचे अपडेट त्याहून थोडे जास्त काळ. अलीकडे खालच्या मॉडेलांनाही लांब मुदतीची वचनं येऊ लागलीत, पण अपडेट येणं वेगळं आणि तो ४ जीबी रॅमवर पेलणं वेगळं. आठ दिवसांतून एक तरी टॅब येतो, "अपडेट केल्यापासून चिकटल्यासारो चलता." त्याला माझ्याकडे औषध नाही.

अपडेट थांबले की टॅब लगेच बंद पडत नाही हेही खरं. पीडीएफ उघडतात, यूट्यूब चालतं. आधी बँकेचं ॲप कुरकुरतं, मग एखादं क्लासचं ॲप नव्या आवृत्तीला "तुमच्या डिव्हाइसवर चालत नाही" म्हणतं. सीईटी नाहीतर नीटच्या ऐन तोंडावर हे झालं तर मुलीची चिडचिड तुम्हालाच ऐकावी लागेल.

रॅमच्या स्टिकरबद्दल दोन शब्द. खोक्यावर "१२ जीबी" लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरांत ४ अधिक ८. ते आठ म्हणजे रॅम नव्हे, स्टोरेजचाच तुकडा उसना घेतलेला. स्वस्त टॅबात बहुतेक ईएमएमसी जातीचं स्टोरेज असतं, ते एका वेळी एकतर वाचतं नाहीतर लिहितं. यूएफएस ही दुसरी जात, ती दोन्ही एकदम करते. त्या हळू स्टोरेजवर सतत रॅमचं लिखाण लादलं की ते आणखी हळू होतं आणि झिजतंही. सेटिंगमध्ये जाऊन तो पर्याय बंद करा. ६४ जीबीच्या नादाला मुलीसाठी लागू नका. सिस्टीमच त्यातला बराच भाग खाते आणि क्लासचे डाऊनलोड केलेले व्हिडिओ उरलेला. १२८ तरी हवा.

हिशेब मांडतो. मी जे बघतो त्यावरून, १४ हजारांचा ओळखीच्या कंपनीचा टॅब आपल्याकडे रोजच्या वापरात तीन वर्षं नीट जातो. सहा वर्षांत दोन, म्हणजे २८ हजार. त्यात एकदा फोल्डर, एकदा जॅक, धरा साडेतीन-चार हजार. ३२ हजार झाले, आणि शेवटी हातात काही नाही. जुना स्वस्त टॅब कोणी विकत घेत नाही. दुसरीकडे २०२५ चा साधा आयपॅड ३४,९०० ला आला, त्याचं साधं पेन्सिल ७,९००, मिळून ४२,८००. सॅमसंगचा एस१० एफई ४२,९९९ ला आला, पेन त्यातच. सेलमध्ये यातले काही हजार सुटतात. वर सहा वर्षांत एकदा बॅटरी बदलावी लागेल. पण सहा वर्षांनी तो आठ-दहा हजारांना जाईल, घरातल्या घरात धाकट्याला गेला तर उत्तमच.

म्हणजे दोन्ही रकमा जवळपास सारख्याच होतात. थोडाफार फरक आहे तो स्वस्ताच्याच बाजूने. "महाग घेतलं की शेवटी स्वस्त पडतं" असं जे सगळे सांगतात ते टॅबच्या बाबतीत मला तरी बाकावर दिसलेलं नाही. तरीही मुलीसाठी मी वरचा सांगतो, त्याचं कारण पैशात नाही. स्वस्त टॅबची तीन वर्षं सारखी नसतात. पहिलं वर्ष छान, दुसरं बरं, तिसरं अडखळत. चांगल्या टॅबचं चौथं वर्ष स्वस्ताच्या पहिल्या वर्षापेक्षा बरं असतं. ज्याच्यासमोर पोरीला रोज चार-पाच तास बसायचंय, त्यात हा फरक डोळ्याला आणि डोक्याला लागतो. आणि यजमानांचं "एक मोडलो तर दुसरो आसा" काऊंटरसाठी शंभर टक्के खरं आहे. तिथे पाहुण्यांची पोरं हात लावणार, सोलकढी सांडणार, खिडकीतून खारा वारा येणार. तिथला टॅब झाडूसारखा समजायचा. झिजला, बदलला.

आयपॅड की सॅमसंग, हे विचाराल तर तुमच्या घरात मी एस१० एफईकडे झुकेन. पाण्याचं रेटिंग आहे आणि पेन वेगळं विकत घ्यावं लागत नाही, लिहायला चार्जही करावं लागत नाही. आयपॅडच्या साध्या पेन्सिलला चार्ज लागतो आणि दाबानुसार रेघ जाडबारीक होत नाही. पण मुलीला पुढे आर्किटेक्चरला वगैरे जायचं असेल, ती चित्रं काढत असेल, तर आयपॅडवरची चित्रांची ॲप्स अजून सरस आहेत. व्हॉट्सअॅप आयपॅडवर नाही ही तक्रार जुनी झाली. मे २०२५ पासून आहे. अभ्यासाच्या दृष्टीने ते नसलेलंच बरं होतं, असं एका बापाचं मत.

तुमच्या आळीत होड्या आहेत म्हणून एक आडवळण. केवळ वायफायचा आयपॅड घेतला तर त्यात जीपीएस नसतं, ते फक्त सिमवाल्या मॉडेलात येतं. मासेमारी बंदी उठल्यावर, एक ऑगस्टच्या सुमारास, दरवर्षी कोणीतरी माझ्याकडे येऊन विचारतं की नकाशावर होडी सरकत का नाही. घरी वायफायवरून अंदाजे जागा दिसत होती, किनारा सोडल्यावर कसली दिसणार?

जुना घ्यायचा का, हेही कोणीतरी विचारेलच. एक वर्ष मागचं वरचं मॉडेल बिलासकट मिळालं तर मी नव्या मधल्यापेक्षा तेच घेईन. पण गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांकडून घेताना जपा. दर सप्टेंबरात, विसर्जनानंतर, माझ्याकडे दोन-तीन आयपॅड येतात जे आधीच्या मालकाच्या खात्याला बांधलेले असतात. काकांनी प्रेमाने दिला, रिसेट करून दिला, पण खात्यातून साईन आऊट केलं नाही. आता तो पासवर्ड मागतो आणि काका मुंबईत; ईमेल जुनं, पासवर्ड विसरलेला. हे कुलूप मी खोलू शकत नाही, आणि जो खोलतो म्हणतो त्याच्याकडे जाऊ नका. काका घरात असेपर्यंत, आरती झाली की समोर बसवून साईन आऊट करून घ्या.

अधिकृत सर्व्हिस सेंटरबद्दल एवढंच की घ्यायच्या आधी तिथवरचा प्रवास मोजा. माझी गिऱ्हाइकं वॉरंटीतल्या महागड्या टॅबसाठी घाट चढून कोल्हापूरला जातात नाहीतर गोव्याला. पावसात घाट बंद असला की टॅबही महिनाभर बंद. बिल हरवू नका. कागदी असेल तर फोटो काढून ठेवा, आपल्याकडे चार पावसाळ्यांत कागद पापडासारखा होतो.

टॅब आल्यावर काय करायचं ते सांगतो, यातच त्याची दोन-तीन वर्षं वाचतात. कव्हर मागून पूर्ण बंद असलेलं नको, त्यात ओल साचते. महिन्यातून एकदा काढून पुसायचं. जॅकला रबरी बूच मिळतं दहा-वीस रुपयांना, ते लावायचं. खिडकीत, विशेषतः पश्चिमेच्या, ठेवायचा नाही. पावसाळ्यात वापर संपला की कपड्यांच्या कपाटात, सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या डब्यात. वीज कडाडायला लागली की चार्जर भिंतीतून काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळानंतर लाईट आली-गेली, आली-गेली असं चाललं होतं, त्या पंधरवड्यात मी जेवढे जळालेले चार्जिंग आयसी, म्हणजे चार्जिंग सांभाळणाऱ्या चिप, काढले तेवढे एरवी वर्षात काढत नाही.

बॅटरीचं गणितही सोपं आहे. ॲपल म्हणतं, आयपॅडची बॅटरी १,००० पूर्ण फेऱ्यांनंतर ८० टक्के क्षमता राखेल अशी बनवलेली असते. रोज एक फेरी धरली तर पावणेतीन वर्षं, अर्धी धरली तर साडेपाच. मुलगी ८० ला चार्जिंग थांबवायचा पर्याय चालू ठेवेल आणि उशीखाली ठेवून चार्ज करणार नाही, तर दुसरा आकडा धरा.

आणि आता तुमचा काऊंटरवरचा टॅब. झाकण मधून उचललं गेलंय म्हणता, ते झाकणाचं दुखणं नाही. बॅटरी फुगलीय. वर्षानुवर्षं चोवीस तास चार्जरला, १०० टक्क्यांवर, वर पत्र्याच्या पडवीची उष्णता, मग आत वायू तयार होतो आणि तो जागा शोधतो. आज रात्रीपासून चार्जरला लावू नका. दाबून झाकण बसवू नका, पोराबाळांच्या हातात देऊ नका, कचऱ्यात टाकू नका. बंद करून पत्र्याच्या डब्यात ठेवा, घराबाहेर, सावलीत, आणि कुडाळला येणं होईल तेव्हा तोच डबा घेऊन या. एसटीने येत असाल तर डबा मांडीवर ठेवा, वरच्या रॅकवर बॅगांच्या खाली नको. मंगळवारी मी नसतो.